ग्राफीनच्या फिती आणि ‘द्रावण’ ही संज्ञा

‘ग्राफीन’ ही संज्ञा बोम प्रभृतींनी १९८६ साली सुचविली; तो एकेरी थर सुटा करून त्याचे विद्युत्‌गुण मोजण्यात आले ते २००४ साली, मँचेस्टर येथे. नाव आधी, वस्तू मागून. त्याच्या अतिसूक्ष्म फितींच्या बाबतीत मात्र शब्दानेच घोटाळा केला आहे. २००८ साली स्टॅनफर्ड येथे होंगजिए दाइ यांच्या गटाने १००० अंशांवर तापवून फुगविलेले ग्रॅफाइट बहुवारिकासह द्रवात ध्वनिलहरींनी विखुरले आणि १० नॅनोमीटरांहून अरुंद फिती मिळविल्या. अशा मिश्रणास सरसकट ‘द्रावण’ म्हणणे मला सदोष वाटते. मीठ विरघळते, या फिती केवळ एकमेकींपासून दूर ठेवलेल्या असतात, व संधी मिळताच चिकटून गाळ होऊन बसतात. ‘विखुरण’ म्हणावे हे बरे.

२००९ साली राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने कार्बनच्या नॅनोनलिका गंधकाम्ल व पोटॅशियम परमँगनेट यांनी उभ्या चिरल्या. ऑक्सिजनयुक्त कडांमुळे फिती पाण्यात सुट्या राहिल्या, पण विद्युत्‌वहन खालावले. ऑक्सिजन काढावा, तर वहन परतते आणि गुठळ्याही! खरा पेच हाच होय.

२०१४ साली माइन्त्सच्या म्युलेन व नारिता प्रभृतींनी लहान रेणूंपासून २०० नॅनोमीटरांहून लांब फिती बांधल्या आणि कडांना कार्बनच्या लांब शृंखला जोडून त्या विलग राखल्या. येथे ‘द्रावण’ या शब्दास काहीसा आधार मिळतो, हे मान्य केले पाहिजे.