लूपच्या फोल्डरवर कोणाचे नाव?

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत दिवसपाळी करून रात्री लॅपटॉपवर गाणी बांधणारी मुले आता पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांत सहज भेटतात. कोणी गणपतीच्या मिरवणुकीसाठी ट्रॅक करतो, कोणी संदलसाठी, कोणी कव्वालीसाठी. त्यांच्याकडे हजारो ‘लूप’ असतात. लूप म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवता येणारा आवाजाचा छोटा तुकडा. आपल्याकडचा तबल्याचा ठेका किंवा सारंगीवरचा लेहरा हेही तेच काम करतात. म्हणजे वस्तू जुनीच आहे. पण साठा एवढा वाढला की हवा तो ठेका वेळेवर सापडत नाही.

संगीताचा साठा कसा लावायचा, हा प्रश्न दख्खनमध्ये चारशे वर्षांपूर्वीही पडला होता. विजापूरचा सुलतान इब्राहिम आदिलशाह दुसरा (राज्यकाळ १५८० ते १६२७) याने ‘किताब-ए-नौरस’ हा गीतसंग्रह दखनी भाषेत रचला. त्यातली गीते रागांच्या नावांखाली लावलेली आहेत. गाणाऱ्याने आधी राग पाहायचा, मग गीत.

त्याच सुमारास, १६०४ मध्ये, पंजाबात गुरू अर्जन यांनी आदिग्रंथ सिद्ध केला. त्याचीही मुख्य मांडणी रागवार आहे. त्यात आपल्या संत नामदेवांची ६१ पदे आहेत आणि चिश्ती सूफी बाबा शेख फरीद यांची वाणीही आहे. राग आसा उघडला की त्या एकाच विभागात दोघेही भेटतात. एक पंढरपूरचा वारकरी, दुसरा पाकपट्टनचा सूफी. प्रांत किंवा पंथ पाहून कप्पे केले असते तर हे शेजारपण घडले नसते. शिवाय प्रत्येक रचनेवर रचनाकाराचे नाव आहे.

पुढे पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) यांनी रागांची दहा थाटांत वाटणी केली आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’च्या सहा भागांत शेकडो बंदिशी स्वरलिपीसह छापल्या. त्यांतल्या कितीतरी बंदिशी त्यांना मुस्लिम उस्तादांकडून मिळाल्या होत्या. उस्तादांना शास्त्र येत नाही, अशी कठोर टीका भातखंड्यांनी केली, हेही खरे. तरी अनेक बंदिशींचे कर्ते ओळखू येतात, कारण नाव बंदिशीच्या शब्दांतच गुंफलेले असते. मुहंमदशाह रंगीलेच्या दरबारातले नियामत खाँ ‘सदारंग’ या मुद्रेने आजही प्रत्येक मैफलीत हजर असतात.

आता संगणकाकडे येऊ. १९९८ साली सोनिक फाउंड्री कंपनीचा ‘अ‍ॅसिड’ हा प्रोग्रॅम आला. लूपची गती आपोआप जुळावी म्हणून फाइलमध्येच ठोके, गती आणि मूळ स्वर यांची नोंद ठेवण्याची सोय झाली. २००४ मध्ये अ‍ॅपलच्या ‘गॅरेजबँड’ने वाद्य, शैली आणि भाव यांवरून लूप शोधण्याची सोय घरोघरी नेली. सोय मोठीच होती. पण कप्पे ज्यांनी केले त्यांच्या कानाला हलगी, संबळ, ढोलकी आणि डफ यांतला फरक महत्त्वाचा नव्हता. अशी सगळी वाद्ये बहुधा ‘वर्ल्ड’ किंवा ‘एथनिक’ अशा एकाच खणात जातात.

नुसत्या गतीवर शोधले तर ९० च्या यादीत सहा मात्रांचा दादरा, सात मात्रांचा रूपक आणि आठ मात्रांचा केरवा शेजारी शेजारी येतात. गती जुळते, पण सम चुकते. म्हणून आपल्या साठ्याचा पहिला कप्पा तालाचा असावा, त्यात मात्रा, मग लय, मग वाद्य. ‘एफएल स्टुडिओ’सारख्या प्रोग्रॅमच्या ब्राउझरमध्ये स्वतःचे फोल्डर जोडता येतात, त्यामुळे हे अवघड नाही.

शेवटचा रकाना मात्र कोणताही प्रोग्रॅम आपणहून भरून देणार नाही. मोहल्ल्यातल्या ढोलकवाल्याला बोलावून, एकदाच चार पैसे देऊन त्याचा ठेका रेकॉर्ड होतो आणि फाइलचे नाव पडते ‘ढोलक ०४’. पुढे ती पेनड्राइव्हवरून शंभर ठिकाणी फिरते. ठेक्यात शब्द नसतात, त्यामुळे सदारंगांसारखी मुद्रा त्यात लपवता येत नाही. नाव बाहेरूनच लिहावे लागते: ‘दादरा, ६ मात्रा, ९० गती, ढोलक, वादकाचे नाव, गाव, साल’.

हदीसच्या अभ्यासकांनी मजकुराबरोबर सनदही तपासली, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकले ते. संगीत जायज की नाजायज, हा वाद मी इथे काढत नाही. पण कारागिराची मजुरी आणि नाव बुडवू नये, याबद्दल आपल्यात दुमत नसावे. कारखान्यात तर प्रत्येक सुट्या भागावर बॅच नंबर असतो आणि तो भाग कोणत्या पाळीत तयार झाला याची नोंद असते. तिथे काम करणाऱ्या आपल्या मुलांना ही गोष्ट वेगळी शिकवावी लागणार नाही.