एक घर, अनेक स्वर : भक्तिगीतांचे बहुस्तरीय ध्वनिमुद्रण

२०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली, तेव्हा अनेक गायकवृंदांनी आपापल्या घरी बसून, मोबाईलवर आवाज मुद्रित करून भक्तिगीते एकत्र गुंफली. टाळेबंदी संपली, तरी ही रीत टिकून आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील लहान सदनिकांत राहणाऱ्या आमच्या गायक बंधुभगिनींना उपयोगी पडावी, म्हणून या तंत्राची माहिती आम्ही येथे संकलित करीत आहोत.

पूर्वपीठिका

एकाच गीतात अनेक स्वरपंक्ती एकाच वेळी गाण्याची परंपरा ख्रिस्तसभेत शतकानुशतकांची आहे. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या परिषदेच्या काळात (१५४५–१५६३) या गायनाविषयी एक तक्रार पुढे आली होती : स्वरांच्या गर्दीत प्रार्थनेचे शब्द हरवतात. १५६७ साली प्रसिद्ध झालेली पॅलेस्ट्रिना यांची ‘मिस्सा पापे मार्चेल्ली’ ही सहा आवाजांची रचना शब्दांच्या स्पष्टतेचा आदर्श मानली जाते.

एकाच व्यक्तीचा आवाज थरावर थर मुद्रित करण्याचे तंत्र विसाव्या शतकातले. अमेरिकेत लेस पॉल व मेरी फोर्ड या दांपत्याने १९५१ साली गाजलेले ‘हाऊ हाय द मून’ हे गीत आपल्या राहत्या घरीच अशा पद्धतीने मुद्रित केले होते. आज संगणक व ‘ऑडॅसिटी’सारखी विनामूल्य प्रणाली यांमुळे हे काम कोणालाही शक्य झाले आहे.

स्वररचना

पाश्चात्त्य पद्धतीच्या गीतात सोप्रानो, आल्टो, टेनर व बास या चार पंक्ती असतात. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ही स्वरसंगती रुजविण्यात अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या संगीतकारांचा मोठा वाटा आहे. दुसरीकडे, अंधेरीच्या ज्ञान आश्रमाचे फादर जॉर्ज प्रॉक्ष, एस.व्ही.डी. यांनी भारतीय सुरावटींतून ख्रिस्ती भक्तिगीते घडविली. आपल्या मराठी गीतांना हे दोन्ही वारसे लाभले आहेत. मात्र त्यांची सांगड विचारपूर्वक घालावी लागते.

उदाहरणार्थ, भूप रागात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर आहेत. त्यातील चालीला सरसकट वरच्या तिसऱ्या स्वराची जोड दिली, तर ‘रे’वर मध्यम येतो आणि ‘प’वर निषाद. हे दोन्ही स्वर भूपात वर्ज्य असल्याने गीताचा चेहराच बदलतो. अशा चालीसाठी तीन सोपे मार्ग आहेत : जोडपंक्ती रागातील स्वरांतूनच बांधावी, मंद्र ‘सा’ आणि ‘प’ तानपुऱ्याप्रमाणे धरून ठेवावेत, किंवा तीच चाल खालच्या सप्तकात गावी. सर्व कडव्यांना सर्व थर देऊ नयेत. पहिले कडवे एका आवाजात, ध्रुपद दोन आवाजांत व अखेरचे कडवे पूर्ण वृंदात ठेवल्यास गीत क्रमाने उमलते.

मुद्रण

घाटकोपरवरून उतरणारी विमाने, लोकलचा खडखडाट, शेजारच्या कुकरची शिट्टी यांपासून उपनगरात पूर्ण सुटका नाही. पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्यात आणि कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर किंवा दोरीवर टाकलेल्या जाड गोधड्यांसमोर गावे. त्यामुळे भिंतींवरून परतणारा आवाज कमी होतो. मायक्रोफोन तोंडापासून साधारण १५ ते २० सेंटीमीटर दूर, किंचित बाजूला असावा. २४ बिट व ४८ किलोहर्ट्झ ही मांडणी पुरेशी आहे. सर्वात मोठा स्वर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील, इतकीच पातळी ठेवावी.

प्रथम ताल व मूळ चाल असलेली मार्गदर्शक फीत तयार करावी. ती कानात ऐकत प्रत्येकाने आपली पंक्ती गावी. त्यासाठी वायरचाच हेडफोन वापरावा. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोहोचतो आणि गायक तालामागे पडतो. आरंभी ठरावीक मात्रेवर एक टाळी वाजविल्यास वेगवेगळ्या घरांतील फिती जुळविणे सोपे जाते. आवाज भरदार करण्यासाठी तीच फीत पुन्हा चिकटवू नये. त्याने आवाज केवळ मोठा होतो. तीच ओळ नव्याने गावी, म्हणजे सूक्ष्म फरकांतून वृंदाचा भास निर्माण होतो.

मिश्रण

मूळ चाल मध्यभागी ठेवावी, जोडपंक्ती डावीकडे व उजवीकडे विभागाव्यात आणि बास मध्यभागीच राहू द्यावा. जोडपंक्ती मूळ चालीपेक्षा ४ ते ६ डेसिबल खाली असाव्यात. स्त्रियांच्या आवाजात सुमारे १०० हर्ट्झखालील घरघर छाटावी. पुरुषांच्या खर्जाला मात्र जपून हात लावावा. ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरे अनेक थरांत वेगवेगळ्या क्षणी उमटली, की फुसफुस ऐकू येते. म्हणून ती मुख्य गायकाने स्पष्ट, तर इतरांनी अगदी मृदू उच्चारावीत. चर्चसारखा घुमारा हवासा वाटतो. पण तो सर्व थरांना मिळून एकच आणि माफक द्यावा. शेवटी गीत साध्या मोबाईलच्या स्पीकरवर ऐकावे. तेथे प्रत्येक शब्द कळला, तर मिश्रण साधले असे समजावे.

उपयोग व मर्यादा

मूळ कवी किंवा संगीतकार यांच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, असे भारतीय कायदा सांगतो. म्हणून अलीकडच्या गीतांसाठी संबंधितांची परवानगी घ्यावी.

सर्वात महत्त्वाचा प्रश्न उपासनेचा आहे. कॉयरमध्ये माणसे कमी पडली, की तयार फीत लावण्याचा मोह होतो. रोमहून ३ सप्टेंबर १९५८ रोजी निघालेल्या पवित्र संगीतविषयक सूचनापत्राने फोनोग्राफ, टेपरेकॉर्डर आदी यंत्रांचा उपासनाविधीत वापर निषिद्ध ठरविला. मात्र भाविकांना गीते शिकविण्यासाठी तो मान्य केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात बहुस्वरी गायनाला स्थान दिले आणि त्याबरोबरच भाविकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला.

यावरून घरगुती मुद्रणाचे योग्य स्थान स्पष्ट होते. मिश्र गीताबरोबर प्रत्येक पंक्तीची स्वतंत्र फीतही तयार करून गायकांना पाठवावी. नोकरीमुळे सरावाला येऊ न शकणाऱ्यांना ती लोकलच्या प्रवासातही ऐकता येते. आजारी व वृद्ध भाविकांना घरबसल्या गीताची साथ लाभते. रविवारी मिस्साच्या वेळी मात्र यंत्र बंद असावे आणि फितीवरून शिकलेले ते गीत सर्वांच्या मुखातून उमटावे.