नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी

युद्ध, नैसर्गिक आपत्ती किंवा विस्थापन यांतून वाचलेल्यांच्या मनावर दीर्घकाळ राहणाऱ्या आघातासाठीची अल्पमुदतीची संवाद-उपचारपद्धती. मागी शाउअर, फ्रांक नॉयनर व थोमास एल्बर्ट या जर्मनीतील मानसशास्त्रज्ञांनी ती विकसित केली. तिची पुस्तिका २००५ मध्ये निघाली.

उदाहरणार्थ, त्सुनामीच्या आघाताच्या आठवणीत लाटेचा आवाज, चिखलाचा वास, छातीतली धडधड ताजी असते. ते केव्हा, कुठे घडले याचा धागा मात्र निसटलेला असतो. म्हणून समुद्राची नुसती गाज ऐकूनही माणूस पुन्हा त्याच क्षणात ओढला जातो. हा धागा जोडून देणे हे या उपचाराचे काम.

सुरुवातीला जमिनीवर एक दोर पसरतात. तो दोर म्हणजे जन्मापासूनचे आयुष्य. चांगल्या प्रसंगांसाठी त्यावर फुले ठेवायची, भयंकर प्रसंगांसाठी दगड. मोठ्या प्रसंगाला मोठा दगड. दोराचे टोक गुंडाळलेलेच ठेवतात, कारण पुढचे आयुष्य अजून यायचे असते. नंतरच्या बैठकांत माणूस आपली हकीकत क्रमाने सांगतो. दगडापाशी आल्यावर उपचारक घाई करत नाही: तेव्हा काय दिसले, अंगात काय झाले, मनात काय आले, हे सावकाश विचारतो आणि भीती ओसरू लागेपर्यंत तिथेच थांबतो. तो सारे लिहून घेतो, पुढच्या बैठकीत वाचून दाखवतो; सांगणारा त्यात दुरुस्त्या करतो. शेवटी पूर्ण लिहिलेली जीवनकथा त्याच्याच हाती दिली जाते.

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या ईशान्य भागात, यादवी युद्धाचीही झळ बसलेल्या ३१ मुलांवर दोन गटांत सहा बैठकांचा प्रयोग झाला. उपचार करणारे स्थानिक समुपदेशकच होते. सहा महिन्यांनी कथन करणाऱ्या मुलांपैकी ८१ टक्के सावरलेली आढळली. ध्यान व शिथिलीकरण शिकवलेल्या गटात हे प्रमाण ७१ टक्के होते. दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता, आणि उपचाराविना ठेवलेला गट नसल्याने काळाने किती भरून काढले हे वेगळे करता येत नाही. तरीही स्थानिक माणसे प्रशिक्षण घेऊन हे काम पेलतात, ही बाब मोलाची आहे. आपत्तिग्रस्त भागात मानसोपचारतज्ज्ञ बहुधा फारच थोडे असतात.

दुर्घटना घडताच सर्वांना एकत्र बसवून बोलते करणे ही याहून वेगळी पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेने तिच्या विरोधात शिफारस केली आहे. सुरुवातीच्या दिवसांत निवारा, अन्न आणि हरवलेल्या नातलगांचा शोध आधी. कथनाची वेळ नंतर, ज्यांचा त्रास ओसरत नाही त्यांच्यासाठी.