एका टोकाला ठाणे, दुसऱ्या टोकाला पनवेल : ऐरोलीकरांच्या लोकलवरचा ज्यू वारसा

ऐरोली म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात. खाडीतले फ्लेमिंगो आणि आयटी पार्क. पण ऐरोली स्टेशनवर उभं राहून एका बाजूची गाडी पकडली की काही मिनिटांत ठाणं येतं, दुसऱ्या बाजूची पकडली की शेवटी पनवेल. या दोन्ही टोकांना ज्यूंचं एकेक प्रार्थनास्थळ आहे. ठाण्यातलं १८७९ चं, पनवेलचं त्याहून जुनं, १८४९ चं. रोज या मार्गानं जाणाऱ्या कितीतरी लोकांना हे माहीत नसतं.

युरोपात फिरायला गेलेले लोक प्राग किंवा क्राकोमध्ये पैसे भरून, गाईड घेऊन ज्यू वस्तीत फिरतात आणि फोटो टाकतात. प्रागच्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावं लिहिलेली आहेत. तिथला वारसा पाहायचा म्हणजे मारल्या गेलेल्या माणसांची नावं वाचत पुढं जायचं.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. इथं कुणी ज्यूंच्या वस्त्या जाळल्या नाहीत, कुणी त्यांना हाकललं नाही. तरीही इथली प्रार्थनास्थळं रिकामी होत चालली आहेत. ती कशामुळं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागतं.

नवगावचं जहाज आणि शनिवार तेली

महाराष्ट्रातल्या या मराठी ज्यूंना बेने इस्रायल म्हणतात, म्हणजे इस्रायलची लेकरं. त्यांची परंपरा सांगते की, फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना तिथंच पुरलं आणि वाचलेले कोकणातल्या गावागावांत पांगले. हे नेमकं कधी घडलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. नवगावला आज त्याचं स्मारक आहे.

सोबतचे धर्मग्रंथ समुद्रात गेले, भाषा गेली. राहिल्या मोजक्या गोष्टी. मुलाची आठव्या दिवशी सुंता करायची, शनिवारी काम करायचं नाही, ठरावीक मासेच खायचे आणि ‘शेमा’ ही हिब्रू प्रार्थना म्हणायची. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे घातले. सगळे तेली रोज घाणा चालवायचे, हे मात्र शनिवारी बंद ठेवायचे. म्हणून गावानं त्यांना नाव दिलं, शनिवार तेली.

गावावरून आडनाव हा खास कोकणी प्रकार त्यांनीही उचलला. किहीमचे ते किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिवेआगरचे दिवेकर, चौलचे चेऊलकर. हिंदी सिनेमातले ‘बूट पॉलिश’वाले डेव्हिड आठवतात? त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. नावंही मराठी वळणाची झाली. सॅम्युअलचा सामाजी, अब्राहमचा आबाजी, इझिकेलचा हसाजी.

हे लोक ज्यू आहेत हे बाहेरच्यांना कसं कळलं, याची एक मजेदार कथा आहे. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला. काहींच्या मते तो अठराव्या शतकातला, कोचीनहून आलेला. त्याला या लोकांच्या रीती पाहून शंका आली. त्यानं घरातल्या बायकांपुढं वेगवेगळे मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे घेतले, बाकीचे बाजूला सारले. ज्यू धर्माचा नियम अगदी हाच. रहाबीची खात्री पटली आणि त्यानं त्यांना धर्माचं शिक्षण दिलं. कथा खरी-खोटी काहीही असो, कोकणात राहून कोळंबी आणि खेकड्यावर पाणी सोडणं ही साधी गोष्ट नाही.

टिपूच्या कैदेतून सुटका आणि ‘जुनी मशीद’

इंग्रजांच्या काळात बरेच बेने इस्रायली कोकणातून मुंबईला आले आणि कंपनीच्या पलटणीत भरती झाले. त्यातलाच एक सॅम्युअल इझिकेल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर. म्हैसूरच्या लढाईत तो टिपू सुलतानच्या हाती सापडला. असं सांगतात की, कैद्यानं आपण बेने इस्रायल आहोत म्हटल्यावर टिपूच्या आईनं, कुराणात या लोकांचा उल्लेख आहे म्हणून, त्याचा जीव वाचवला. सुटलो तर देवाचं घर बांधीन असा नवस सामाजीनं केला होता. १७९६ मध्ये त्यानं मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग बांधलं. नाव ठेवलं शार हारहामीम, म्हणजे दयेचं दार.

बेने इस्रायली आपल्या बोलण्यात सिनेगॉगला मशीदच म्हणायचे. त्यामुळं ही ‘जुनी मशीद’ आणि १८४० मध्ये झालेली दुसरी ती ‘नवी मशीद’. मध्य रेल्वेच्या मशीद स्टेशनाचं नाव या जुन्या मशिदीवरून पडलं, असंही सांगितलं जातं. जुनी मशीद ज्या रस्त्यावर आहे, त्याचं नाव सॅम्युअल स्ट्रीट. मूळ वास्तू पुढं जागा बदलून नव्यानं बांधली गेली, तरी मुंबईतलं हे सगळ्यात जुनं सिनेगॉग.

मुंबईतलं सगळ्यात देखणं सिनेगॉग मात्र बेने इस्रायलींचं नाही, बगदादी ज्यूंचं आहे. ससून डॉक, ससून लायब्ररी, पुण्याचं ससून रुग्णालय, हे सगळं ज्या घराण्याच्या नावानं आहे ते ससून बगदादचे. व्यापारासाठी आले आणि प्रचंड श्रीमंत झाले. डेव्हिड ससूननं भायखळ्याला मागेन डेव्हिड बांधलं. त्याचा नातू जेकब ससूननं १८८४ मध्ये फोर्टात केनेसेथ एलियाहू बांधलं. पुण्यातलं लाल विटांचं ओहेल डेव्हिडही याच घराण्याचं, पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात. केनेसेथ एलियाहूचा जीर्णोद्धार २०१९ मध्ये पूर्ण झाला आणि त्याला त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बगदादी ज्यू बेने इस्रायलींना आपल्या बरोबरीचे मानायचे नाहीत. सिनेगॉग वेगळं, दफनभूमीही वेगळी. एकाच धर्माचे, एकाच शहरातले, पण अंतर राखून.

मराठीतला ज्यू धर्म

बेने इस्रायलींना हिब्रू पुन्हा शिकायला मिळालं ते मराठीतून. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरण मराठीत छापलं. हेच विल्सन कॉलेजवाले विल्सन. वल्हांडणाच्या सणाला वाचतात त्या हग्गादा या पोथीची पुण्यात १८७४ मध्ये मराठी आवृत्ती निघाली. तिच्यातल्या चित्रांत बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. जगात हग्गादा हजारो आहेत, लुगड्यातल्या बायका इथंच. १८८० च्या दशकात बेने इस्रायलींनी चक्क कीर्तनं सुरू केली. आख्यान मोशेचं आणि अब्राहमचं, बाज आपल्या हरिदासी कीर्तनाचा.

त्यांचा मलिदाही असाच. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा एकत्र करतात, सोबत फळं ठेवतात आणि एलियाहू हन्नाबी म्हणजे संदेष्टा एलिया याची प्रार्थना म्हणतात. लग्न, नवस, नवं घर, काहीही असो, मलिदा हवाच. हा प्रकार जगातल्या बाकी ज्यूंमध्ये नाही. अलिबागजवळच्या सागाव-खंडाळे परिसरात एक खडक आहे. एलियाहू रथातून स्वर्गात जाताना त्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा त्यावर उमटल्या, अशी श्रद्धा आहे. नवस फेडायला लोक इस्रायलहूनसुद्धा तिथं येतात.

मग लोक गेले कुठं?

१९४८ मध्ये इस्रायल झालं आणि कुटुंबंच्या कुटुंबं तिकडं निघाली. कारणं सरळ होती. धर्माची ओढ, तिथली नोकरी, आणि आधी गेलेले नातेवाईक. तिथं गेल्यावर मात्र धक्का बसला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मगुरूंनी बेने इस्रायलींच्या लग्नात त्यांच्या वंशाची चौकशी करावी असा आदेश काढला. ज्या लोकांनी ग्रंथाशिवाय शनिवार पाळला, त्यांनाच तुम्ही खरे ज्यू का असं विचारलं गेलं. त्यांनी आंदोलन केलं. अखेर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं ते पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर केलं. तिथं मराठी टिकली. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघायचं.

इथं आकडा घसरत गेला. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात साधारण २० हजार बेने इस्रायली होते. २०११ च्या जनगणनेत देशभरातले सगळे ज्यू मिळून ४,६५० भरले. त्यातले निम्म्याहून थोडे जास्त महाराष्ट्रात. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

आता खरी अडचण. ज्यू धर्मात सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. याला मिन्यान म्हणतात. दहा जण जमले नाहीत तर तोराची गुंडाळी बाहेर काढून वाचता येत नाही, काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. इमारत कितीही मजबूत असली तरी नऊ माणसांत ती अर्धीच चालते. म्हणून सिनेगॉगच्या छपरापेक्षा त्या दहाव्या माणसाची काळजी जास्त असते. रेवदंड्याचं बेथ एल १८४२ चं, अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन अबोथ १८४८ चं. अशा ठिकाणी सणाला मुंबई-ठाण्याहून माणसं येतात तेव्हा कुठं गर्दी दिसते. वारसा म्हणून जपलेली इमारत आणि प्रार्थना चालू असलेली इमारत यातला फरक असा दहाच्या आकड्यावर येऊन थांबतो.

ठाणे याला अपवाद म्हणावं लागेल. मुंबईतून आणि कोकणातून आलेली बरीच कुटुंबं इथं स्थिरावली. त्यामुळं टेंभीनाक्याजवळचं, सिव्हिल हॉस्पिटलसमोरचं शार हाशमाईम, म्हणजे स्वर्गाचं दार, हे आजही देशातल्या नांदत्या सिनेगॉगपैकी एक आहे.

जायचं असेल तर

ऐरोलीहून लोकलनं ठाणे, तिथून पश्चिमेला टेंभीनाक्यापर्यंत चालत. मुंबईचं बघायचं तर ठाण्याहून मध्य रेल्वेनं भायखळा, मग मशीद, मग सीएसएमटी, या क्रमानं गेलात तर मागेन डेव्हिड, जुनी मशीद आणि केनेसेथ एलियाहू एका दिवसात होतात. महालक्ष्मीच्या बाजूला गेलात तर डॉ. ई. मोझेस रोडची पाटी दिसेल. हे डॉ. एलिजा मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते आणि बेने इस्रायली होते. कोकण करायचं तर उलट्या दिशेनं पनवेल, आणि तिथून एसटीनं पेणमार्गे अलिबाग, नवगाव, रेवदंडा.

आत शिरल्यावर समोर पश्चिमेच्या भिंतीत एक कपाट दिसतं, त्यात तोराच्या हातानं लिहिलेल्या गुंडाळ्या असतात. पश्चिमेलाच का, तर इथून जेरुसलेम त्या दिशेला. मधोमध कठड्याचा चौथरा असतो, वाचन तिथून होतं. बायकांसाठी सहसा वर सज्जा असतो. बाजूला एक रिकामी खुर्ची दिसली तर तिच्यावर बसू नका, ती एलियाहूची.

आधी परवानगी घ्या आणि ओळखपत्र जवळ ठेवा. २००८ च्या हल्ल्यात कुलाब्याचं छाबड हाऊस लक्ष्य झालं, तेव्हापासून सगळीकडं बंदोबस्त कडक आहे. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी नसेल तर रुमाल चालतो. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ असतो, तेव्हा फोटोचा विचार करू नका. बाकी दिवशी विचारून काढा.