महाराजांची छोटी गाडी

बडोदेकर मंडळी, सापुताऱ्याला आपण मोटारीने जातो. पण खाली वघईपर्यंत आगगाडी जाते, हे मुलांना सांगितलंय का? सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१३ च्या सुमारास, बिलिमोऱ्याहून ही अडीच फुटी नॅरोगेज निघाली. डांगचं सागवान आणायला! अंतर ६३ किलोमीटर, वेळ तीन तास.

बिलिमोऱ्याला बदली होती तेव्हा रविवारी आम्ही उभयता उगाच वघईला जाऊन यायचो. उनाई सुटलं की सागाचं रान. डब्यात बाजाराच्या टोपल्या घेतलेल्या आदिवासी बायका.

२०२० मध्ये तोट्याची म्हणून ती बंद करायचं घाटत होतं. जन्मभर ताळेबंद मांडले, तोटा मलाही कळतो. पण त्या टोपल्या कुठल्या खात्यात धरल्या होत्या? २०२१ च्या सप्टेंबरात गाडी पुन्हा सुटली. नातीला घेऊन गेलो. खिडकी तिला दिली.