नळाचे पाणी आणि कावीळ : दिल्ली (१९५५-५६), इचलकरंजी (२०१२) व नागपूरची संशोधनपरंपरा

प्रस्तावना

शहराला नळाने पाणी मिळू लागले की पाण्यातून पसरणारे रोग आपोआप नाहीसे होतात, अशी समजूत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रूढ होत गेली. नागपूरच्या नागरी इतिहासातही तिचे प्रतिबिंब दिसते. १८१८ मध्ये पटकीची साथ नागपुरात पोहोचली, त्या काळी नगराची तहान विहिरी व तलावांवर भागत असे. १८६४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि पुढील दशकात अंबाझरी तलावाचे पाणी नळांद्वारे शहरात आले. त्यानंतर गोरेवाडा, कन्हान आणि पेंच असा स्रोतांचा विस्तार होत गेला. मात्र ज्या नाग नदीवर अंबाझरी तलाव बांधला गेला, तीच नदी तलावाच्या खाली शहराचे सांडपाणी वाहून नेऊ लागली. पिण्याचे पाणी आणि मैला यांचे हे सान्निध्य भारतीय शहरांच्या आरोग्येतिहासातील एक मूलभूत समस्या होय. दोन साथींच्या आधारे तिचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दिल्लीची साथ

१९५५ च्या पावसाळ्यानंतर दिल्लीजवळ यमुनेचे पात्र बदलले. शहरासाठी पाणी उचलण्याचे ठिकाण वझीराबाद येथे, तर नजफगड नाल्याचे मुख त्याच्या खालच्या बाजूस होते. एरवी ही रचना सुरक्षित मानली जाई, पण नदीचा प्रवाह क्षीण होताच नाल्यातील मैलापाणी उलट दिशेने सरकून उपसा केंद्रापर्यंत पोहोचले. नोव्हेंबरमध्ये सुमारे आठवडाभर अतिदूषित पाणी शुद्धीकरण केंद्रात येत राहिले. अधिकाऱ्यांनी तुरटी व क्लोरीन यांची मात्रा वाढविली. विषमज्वर व आमांश यांच्या रुग्णांत लक्षणीय वाढ न झाल्याने उपाययोजना पुरेशी ठरली, असे वाटले.

परंतु डिसेंबरपासून शहरात कावीळ पसरली. डॉ. आर. विश्वनाथन यांच्या सर्वेक्षणानुसार काविळीच्या रुग्णांची संख्या सुमारे २९,३०० होती. गर्भवती रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे दहा टक्के आढळले. क्लोरीनने जिवाणू नष्ट झाले, विषाणू मात्र टिकून राहिला. रोगाचा परिपाककाल कित्येक आठवड्यांचा असल्याने रुग्ण दिसू लागले तेव्हा दूषित पाणी पिऊन झाले होते. १९८० मध्ये जतन केलेल्या रक्तनमुन्यांच्या फेरतपासणीतून ही कावीळ 'अ' किंवा 'ब' प्रकारची नव्हती, असे दिसून आले. पुढे हा विषाणू 'हिपॅटायटिस ई' या नावाने ओळखला गेला.

नागपुरातील संस्था

राष्ट्रीय पाणीपुरवठा व स्वच्छता कार्यक्रम १९५४ मध्ये सुरू झाला होता. दिल्लीच्या साथीनंतर दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था नागपुरात स्थापन झाली. १९७४ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच नीरी, असे झाले. पाणी शुद्ध करणे आणि ते शुद्ध स्थितीत घरापर्यंत पोहोचविणे, या दोन स्वतंत्र समस्या आहेत, हे या संस्थेच्या संशोधनातून स्पष्ट होते. संस्थेतील संशोधक अंदे व केळकर यांनी नागपूर, जयपूर, गाझियाबाद व पणजी या चार शहरांत खंडित व अखंड पाणीपुरवठ्याचा तुलनात्मक अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरवठा बंद असताना जलवाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि फुटलेल्या जोडांमधून आजूबाजूच्या गटाराचे पाणी आत शिरते. म्हणूनच नळ सुटल्यावर येणारे पहिले पाणी सर्वाधिक संशयास्पद असते. नागपुरात २०१२ मध्ये खाजगी सहभागातून चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना शहरभर हाती घेण्यात आली, तिच्यामागील आरोग्यविषयक तर्क हाच होता.

इचलकरंजीचा धडा

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी या वस्त्रोद्योगनगरीत काविळीची मोठी साथ उद्भवली व तीत अनेकांचे बळी गेले. कारण पुन्हा 'हिपॅटायटिस ई' हेच होते. पंचगंगेत मिसळणारे सांडपाणी हा तेव्हा चर्चेचा केंद्रबिंदू ठरला. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयासमोर आल्यानंतर त्याचा अभ्यास नागपूरच्या नीरीकडेच सोपविण्यात आला. दिल्लीच्या साथीला तोपर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता. रोगाचे कारण, प्रसाराचा मार्ग आणि प्रतिबंधाचे उपाय ज्ञात होते. उणीव होती ती या ज्ञानाचा नगरप्रशासनाच्या दैनंदिन कामकाजात समावेश होण्याची.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, जिवाणू-तपासणीत पाणी निर्दोष ठरले तरी ते विषाणूमुक्त असतेच असे नाही. दुसरी, मलनिस्सारणाची व्यवस्था मागे ठेवून पाणीपुरवठ्याचा विस्तार केल्यास साथीचा धोका नव्या स्वरूपात कायम राहतो. तिसरी, अशा साथीची सर्वाधिक किंमत गर्भवती स्त्रियांना मोजावी लागते, परंतु नगरनियोजनाच्या चर्चेत त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. शहराचा इतिहास लिहिताना तलाव व धरणांच्या बांधकामाबरोबर गटारांचा आणि साथींचाही इतिहास नोंदविला जाणे म्हणूनच आवश्यक ठरते.