शेवट गोड, हे ठाऊक असूनही

गावच्या वाचनालयाचे काम मी काही वर्षे पाहत होतो. संध्याकाळी दोन तास कपाट उघडायचे, पुस्तकांची देवघेव करायची, वहीत नोंद करायची, एवढेच ते काम. पण त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. पोथ्या, चरित्रे, प्रवासवर्णने लोक हातात धरून उघड्यावर नेत. प्रेमाच्या कादंबऱ्या मात्र पिशवीतून जात, आणि परत येत तेव्हा त्यांना वर्तमानपत्राचे कव्हर चढलेले असे. एका बाईंनी तर कव्हरावर ठसठशीत अक्षरांत ‘लोणची व मुरंबे’ असे लिहिले होते. मी ते कव्हर काढले नाही. पुढे ते पुस्तक दहा-बारा घरी त्याच नावाने फिरून आले.

तुम्ही म्हणाल, इतिहासावर बोलायला बसलात आणि हे काय काढलंत? पण मंडळी, हाही इतिहासच आहे. एक मुलगी, एक पुरुष, मध्ये काही अडचण आणि शेवटी लग्न. एवढीशी ही गोष्ट. पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ ती छापली जाते आहे, कोट्यवधी माणसे ती वाचत आहेत, आणि त्यांतली कितीतरी लपवून वाचत आहेत. हे लपवणे आले कुठून, आणि लपवूनही वाचावे असे तीत आहे तरी काय, ते जरा पाहू या.

इ. स. १७४० मध्ये लंडनचा एक छापखानेवाला, सॅम्युएल रिचर्डसन, याने ‘पामेला’ नावाची कादंबरी काढली. पामेला ही पंधरा वर्षांची मोलकरीण. धनीण वारल्यावर तिचा मुलगा घराचा मालक होतो आणि या पोरीच्या मागे लागतो. आमिष दाखवतो, कोंडून ठेवतो. ती आईबापांना पत्रे लिहीत राहते आणि बधत नाही. अखेर तिचे लिहिणे वाचून त्याचे मन पालटते आणि तो तिला रीतसर मागणी घालतो. इंग्लंडात एक आख्यायिका सांगतात, की एका खेड्यात लोहार ही कादंबरी रोज मोठ्याने वाचून दाखवी, आणि लग्नाचे प्रकरण आले त्या दिवशी ऐकणाऱ्यांनी आनंदाने चर्चच्या घंटा वाजवल्या. आपल्याकडे पोथीत रुक्मिणीस्वयंवराचा अध्याय आला की घरात गोडाधोडाचा बेत होतो ना, तसंच हे. आख्यायिकेत पदरचे किती आहे, ते सोडून द्या. पण एका मोलकरणीच्या ‘नाही’ला किंमत आहे, ही गोष्टच त्या काळी नवी होती.

ती किती नवी होती, हे कळायला त्या वेळचा इंग्लंडातला कायदा पाहावा लागतो. लग्न झाले की बायकोचा पैसा, तिची कमाई ही नवऱ्याची होई. हे बदलायला १८७० आणि १८८२ चे दोन कायदे यावे लागले. म्हणजे बाईच्या हाती आयुष्यात एकच मोठा निर्णय होता, ‘हो’ कोणाला म्हणायचे हा. तो चुकला की पुढचे सगळेच चुकले. प्रेमकथा ही त्या एका निर्णयाची गोष्ट आहे.

जेन ऑस्टिन या बाईने हे ओळखले. १८११ साली तिची पहिली कादंबरी निघाली तेव्हा पुस्तकावर नाव नव्हते, नुसते ‘एका स्त्रीने लिहिलेली’ एवढेच. १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये पाच बहिणी आहेत आणि भाऊ नाही. बापाच्या मागे शेतीवाडी सगळी एका दूरच्या पुरुष नातलगाकडे जाणार. तोच नातलग दुसऱ्या बहिणीला, एलिझाबेथला, मागणी घालायला येतो. माणूस इतका बावळट आणि इतका फुशारलेला, की वाचताना हसू आवरत नाही. ती नकार देते. आपण हसतो खरे, पण त्या नकाराने उद्या आई आणि पाच बहिणींच्या डोक्यावरचे छप्पर जाऊ शकते, हे विसरून चालत नाही. मग तिची मैत्रीण शार्लट, सत्तावीस वर्षांची, जवळ पैसा नाही, ती त्याच माणसाला ‘हो’ म्हणते. ऑस्टिन तिची टर उडवीत नाही. मला ही जागा सगळ्या पुस्तकात मोठी वाटते. याच बाईने, तिच्या मृत्यूनंतर निघालेल्या एका कादंबरीत, पुस्तक वाचता वाचता कोणी पाहिले की ओशाळून ते खाली ठेवणाऱ्या मुलीचे चित्र काढले आहे. तेव्हा आमच्या वाचनालयातली कव्हरे काही आजकालची नव्हेत!

आणि आपल्याकडे? १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’. राजकन्या, राजपुत्र, कारस्थाने, ताटातूट, मीलन असा सगळा थाट. रिसबुडांनी प्रस्तावनेत आपली अडचण मोकळेपणाने मांडली आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की आमच्या लोकांत लग्ने लहानपणीच होतात, रीतीभाती अशा आहेत की रोजच्या संसारात कादंबरीजोगे काही घडतच नाही. तेव्हा लिहिणाऱ्याने अद्भुताकडे वळावे नाही तर काय करावे? पाहा, किती नेमके बोलले ते. मुलीला कोणी विचारतच नसेल, तर तिच्या होकाराची गोष्ट लिहायची कशी? बरे, ज्या मुलीने प्रत्यक्षात ‘नाही’ म्हटले तिचे काय झाले, तेही आपल्याला ठाऊक आहे. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झालेले. त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत म्हणून १८८४ साली नवऱ्याने दावा लावला, आणि १८८७ साली न्यायालयाने सांगितले, नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. पुढच्या वर्षी तडजोड झाली, आणि रखमाबाई शिकून डॉक्टर झाल्या. ज्या काळात खऱ्या ‘नाही’ची किंमत तुरुंग होती, त्या काळात कल्पनेतले स्वयंवर कोणी चोरून वाचले, तर मला त्यात नवल वाटत नाही.

आता या गोष्टींच्या मालिका कशा झाल्या, ते सांगतो. इथे थोडा बाजारभाव येणार. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. एवढे पैसे कोण देणार? म्हणून १८४२ मध्ये मुडी नावाच्या गृहस्थाने वर्षाला एक गिनी घेऊन पुस्तके वाचायला देण्याचे दुकान काढले आणि ते अफाट चालले. पुस्तक विकत घ्यायचे नाही, आणायचे आणि परत करायचे. पुढे विसाव्या शतकात तंबाखूच्या, किरकोळ मालाच्या दुकानांतही दोन-दोन पेनीवर पुस्तके मिळू लागली. गिरणीतली, दुकानातली कामकरी बाई आता गिऱ्हाईक झाली.

१९०८ साली जेरल्ड मिल्स आणि चार्ल्स बून या दोघांनी लंडनला प्रकाशनाचा धंदा सुरू केला. सुरुवातीला ते सगळेच छापत, जॅक लंडनसुद्धा. पण १९३० च्या सुमारास त्यांच्या ध्यानी आले की वाचनालयांत फिरतात त्या प्रेमकथा. मग त्यांनी तेवढ्याच काढायच्या ठरवल्या. तपकिरी बांधणीची ती पुस्तके बायका लेखिकेचे नावही न विचारता, नुसता रंग पाहून उचलीत. तिकडे कॅनडात, विनिपेग शहरी, १९४९ मध्ये रिचर्ड बोनीकॅसल यांनी हार्लेक्विन ही स्वस्त पुस्तकांची कंपनी काढली. कोणती पुस्तके चांगली, हे त्यांची पत्नी मेरी वाचून सांगे. तिला या लंडनच्या गोष्टी आवडल्या. १९५७ पासून हार्लेक्विन त्या कॅनडात छापू लागले आणि १९७१ साली त्यांनी मिल्स आणि बूनची कंपनीच विकत घेतली. त्याच सुमारास कंपनीचा कारभार साबण विकणाऱ्या कंपनीतून आलेल्या एका गृहस्थाच्या हाती गेला. त्याने पुस्तके किराणामालाच्या दुकानांत मांडली. दरमहा ठरावीक पुस्तके, पाने साधारण एकशे नव्वद, पाठीवर क्रमांक, आणि महिना संपला की जुनी उचलून नवी. कोणाला हे हिणकस वाटेल. मला तितकंसं वाटत नाही. बाजारहाट करणाऱ्या बाईला पुस्तकाच्या दुकानात शिरायला संकोच वाटतो, हे त्या साबणवाल्याला कळले, जे कितीतरी विद्वानांना कळले नव्हते.

जुन्या काळच्या प्रेमकथांची गोष्ट वेगळी. जॉर्जेट हेयर या मुलीने आजारी भावाची करमणूक व्हावी म्हणून एक गोष्ट रचली. ती १९२१ साली, तिच्या एकोणिसाव्या वर्षी, पुस्तकरूपाने आली. पुढे १९३५ पासून तिने ऑस्टिनच्याच काळात आपल्या कथा घातल्या. त्या काळचे कपडे, गाड्या, वस्तूंचे भाव, बोलीतले शब्द यांच्या वह्याच्या वह्या तिने टिपून ठेवल्या होत्या. शिक्षकांनी ध्यानात घ्यावे असे हे काम आहे. मात्र या शाखेला एक वाईट वळणही लागले. १९७२ साली अमेरिकेत कॅथलीन वुडिविस यांची एक जाडजूड कादंबरी निघाली. ती खूप खपली आणि तिच्या वाटेने पुष्कळजण गेले. तीत नायकच आरंभी नायिकेवर जबरदस्ती करतो आणि पुढे त्यालाच प्रेम म्हटले जाते. पामेलाच्या ‘नाही’पासून निघालेली वाट तिथे अगदी उलटी फिरली. पुढच्या लेखिकांनी ती हळूहळू सोडली, हे बरे झाले.

लांडग्यांकडे मात्र मला वळलेच पाहिजे. तुम्ही हसाल, पण गेली पंचवीस-तीस वर्षे अशा प्रेमकथांच्या मालिकाच्या मालिका निघत आहेत की ज्यांतला नायक मनातून माणूस आणि वेळ आली की लांडगा! नलिनी सिंग या फिजीत जन्मलेल्या, न्यूझीलंडात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या लेखिका. त्यांच्या २००६ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत बिबटे आहेत आणि लांडगेही आहेत. हे खूळ नवे वाटते, पण नाही. बाराव्या शतकात मारी नावाच्या कवयित्रीने फ्रेंच भाषेत एक कथा रचली. एक सरदार आठवड्यातले तीन दिवस नाहीसा होई. बायकोने गोडीगुलाबीने गुपित काढून घेतले: तो लांडगा होतो, आणि काढून ठेवलेले कपडे परत मिळाले तरच पुन्हा माणूस होतो. ती घाबरली, कपडे दुसऱ्या सरदाराकरवी पळवले आणि त्याच्याशीच लग्न लावले. बिचारा रानातच राहिला. एकदा राजा शिकारीला आला, तेव्हा लांडग्याने त्याच्या पायावर तोंड टेकले. राजाने त्याला दरबारी नेले. एरवी तो सहसा कोणाच्या वाटेला जात नसे, पण ती बायको दिसताच त्याने तिचे नाक तोडले! एका शहाण्या माणसाच्या सल्ल्याने चौकशी झाली, कपडे सापडले. ते समोर ठेवले तरी लांडगा हलेना. चारचौघांत कपडे कसे घालायचे? खोलीत एकटा सोडला, तेव्हा कुठे तो माणूस झाला.

त्या कथेत बायको भिते आणि दगा देते. आजच्या मालिकांत हेच नेमके उलटे केले आहे. गुपित कळूनही न पळणारी, ती नायिका. आपल्याला यात परके वाटण्यासारखे काही नाही. आदिपर्वातली हिडिंबा आठवा. हवे ते रूप घेणारी राक्षसी, भीमावर मन बसले म्हणून सुंदर स्त्री होते आणि कुंतीपुढे उभी राहून सरळ सांगते, मी याला मनाने वरले आहे. युधिष्ठिर परवानगी देतो ती अटीवर: सूर्यास्ताला भीमाला परत आणून सोडायचे.

धनगर मंडळींसाठी एक गंमत. या कादंबऱ्यांत कळपाचा एक दांडगा ‘अल्फा’ म्होरक्या असतो, सगळ्यांना दाबून ठेवणारा. ही कल्पना आली पिंजऱ्यातून. १९४७ साली एका स्विस संशोधकाने प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिले. पुढे अमेरिकेच्या डेव्हिड मीच यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात तेच मांडले. मग त्यांनी उत्तर ध्रुवाकडे रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिले, आणि १९९९ मध्ये लिहिले की कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरे. म्होरक्या म्हणजे बाप. स्वतःचेच जुने पुस्तक छापू नका, म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. कादंबऱ्यांतला दांडगेश्वर मात्र अजून तसाच आहे. संसारी, पोराबाळांना भरवणारा लांडगा नायक म्हणून कोणी का घेत नाही, कोण जाणे. सोलापूर-पुण्याच्या माळावरचा लांडगा त्या कामी अगदी योग्य आहे.

१९८४ साली जॅनिस रॅडवे या अमेरिकन बाईंचे एक पुस्तक निघाले. त्यांनी या कादंबऱ्यांपेक्षा त्या वाचणाऱ्या बायकांकडे पाहिले. एका ठिकाणच्या नेहमीच्या वाचकांना त्यांनी विचारले, का वाचता? त्या म्हणाल्या, तेवढा वेळ माझा असतो. हातात पुस्तक दिसले की घरातले जरा थांबतात. बाकीच्या वेळी सगळ्यांची काळजी त्यांनी घ्यायची, पुस्तकात मात्र नायिकेची काळजी कोणी तरी घेतो. निर्दय नायक त्यांना आवडत नसे. शेवट गोड हवाच. पुष्कळजणी तर विकत घेण्याआधी शेवट उघडून पाहून घेत.

हे वाचल्यावर मला आमचे ‘लोणची व मुरंबे’ आठवले. ते पुस्तक मी एकदा नीट उलटून पाहिले होते. पहिली पाने स्वच्छ होती. शेवटच्या दोन पानांच्या कडेला मात्र हळदीच्या अंगठ्याचे ठसे होते, आणि ते एकाच हाताचे नव्हते.